निराधार मुलांचे हित आणि शासकीय योजनांचा मेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा महोत्सव समितीने आम्हांस केली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहो. गेल्या पन्नास वर्षांत प्रभूने आपल्या धर्मग्रामावर केलेल्या उपकारांचे वर्णन आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून केलेच आहे. त्याची पुनरुक्ती न करिता, ज्या एका कामात आपण अद्यापि उणे पडतो त्याविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. उत्सवाच्या दिवशी उणिवेची गोष्ट काढणे कित्येकांस रुचणार नाही. परंतु ज्युबिलीचे वर्ष म्हणजे जुन्या करारातील आज्ञेप्रमाणे दास्यात पडलेल्यांस मोकळे करण्याचे व ज्याचे त्यास परत देण्याचे वर्ष होय, हे ध्यानी घेतले म्हणजे आमचा अपराध क्षम्य ठरेल अशी आशा आहे.

आमचा विषय निराधार व गरीब मुलांचा आहे. त्यातही, अशा मुलांकरिता सरकारने ज्या अनेक योजना चालविल्या आहेत, त्यांचा परस्परांशी मेळ कसा बसावा, हा आहे. विषय रुक्ष वाटेल. पण त्यात एका मुलाचे आयुष्य कसे गुंतलेले असते, हे आम्ही स्वानुभवाने सांगणार आहो.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. चौघांनी त्यास खाटेवर घालून आणिले. दारात गर्दी, आत जाण्यास वाट नाही. तेव्हा ते छपरावर चढले, छप्पर उकलले व खाट प्रभूच्या पुढ्यात खाली सोडिली. या कथेतील चमत्काराविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकिली आहेत. खाटेविषयी फारशी ऐकिली नसतील. खाट चौघांच्या हाती होती. एकाने भराभर सोडले असते, दुसऱ्याने आखडून धरिले असते, तर खाट कलंडून तो दुर्दैवी जीव छपरावरूनच खाली पडता. चौघेही सज्जन, चौघांचाही हेतू शुद्ध. तथापि मेळ नसता तर त्या सज्जनपणाचा रोग्यास काय उपयोग होता?

आपल्या देशात गरीब मुलाची खाट आज अनेक हातांत आहे. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी. तिचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण. तो कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्यतपासणी २०१३ पासून आरोग्य खाते करिते. संरक्षणाची गरज असलेल्या, अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा असून त्याखाली जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य बसतात. ज्याचे आई अथवा बाप गेले अशा मुलास घरीच सांभाळता यावे म्हणून महाराष्ट्राची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते. तशाच हेतूने केंद्राच्या मिशन वात्सल्याखाली दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य आहे, पण त्याचा अर्ज निराळा व उत्पन्नाची अटही निराळी. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे, कामावर जाणाऱ्या मुलांचा प्रश्न कामगार खात्याकडे, आणि धंदेशिक्षण कौशल्य विकास खात्याकडे.

बंधुभगिनींनो, ही यादी आम्ही निंदेकरिता वाचली नाही. यांतील प्रत्येक योजना कोणाच्या तरी कळकळीतून जन्मास आली आहे. परंतु प्रत्येक खात्याचे मूल निराळ्या वयाचे, निराळ्या कागदाचे व निराळ्या सरहद्दीतले. मूल मात्र एकच असते. ते सहा वर्षांचे झाले म्हणजे एका खात्यातून सुटते व दुसऱ्यात प्रवेश करिते, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा दोहोंच्या मधल्या फटीत पडते.

त्या फटीत पडलेला एक मुलगा आम्ही पाहिला आहे. त्याचे नाव सांगत नाही. अशा मुलाची ओळख उघड करणे बालन्याय कायद्यासही संमत नाही. आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेस वीटभट्ट्या आहेत. दिवाळी सरली की बयाणा घेतलेली कुटुंबे पाड्यांवरून तेथे येतात व पावसापूर्वी परत जातात. २०२१ च्या दिवाळीनंतर आलेल्या एका कातकरी कुटुंबात हा तेरा वर्षांचा मुलगा होता. बाप त्याच पावसाळ्यात वारलेला. आई भट्टीवर विटा थापीत असे. मुलगा हुशार होता. आमच्या सेवा समितीच्या खोलीत सायंकाळी येऊन तो पाढे म्हणे व भिंतीवरचा नकाशा तासन् तास पाहात राही.

आम्ही त्यास जवळच्या शाळेत नेले. तेथे मागच्या शाळेचा दाखला मागितला. तो दुसऱ्या जिल्ह्यात. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही, असे २००९ च्या कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते. आम्हांस ते कलम ठाऊक नव्हते. आम्ही मान डोलावून परत आलो. नंतर बालसंगोपनाचा अर्ज भरिला, त्याची पोच आईच्या हाती दिली, आणि पुण्यकर्म घडल्याच्या समाधानात घरी गेलो. मे महिन्यात भट्टी संपली, कुटुंब गावी गेले. जूनमध्ये आमच्या पत्त्यावर पत्र आले : बापाच्या मृत्यूचा दाखला जोडावा. मृत्यूची नोंद त्यांच्या गावी व्हावयाची. दिवाळीनंतर ती माणसे येतीलच, तेव्हा पाहू, असे म्हणून ते पत्र आम्ही फाइलीत ठेविले.

दिवाळीनंतर ती माणसे आली नाहीत. त्यांनी दुसऱ्याच भट्टीचा बयाणा घेतला होता. पुढल्या वर्षी तो मुलगा आम्हांस बाजारात एका टेम्पोवर पोती चढविताना भेटला. वय पंधरा. शाळेचे विचारले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "सर, तुमचा कागद गावाला आलाच नाही." आणि पोते उचलून तो निघून गेला.

त्या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. शाळेने दाखला मागितला, कार्यालयाने कागद मागितला. दोघांसही दोष देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु ते पत्र शासनाच्या कपाटात नव्हते, आमच्या कपाटात होते. प्राथमिक शिक्षण सुरू झालेल्या मुलास चवदा वर्षांनंतरही ते पुरे करण्याचा हक्क आहे, हेही आम्हांस त्या दिवसानंतर वाचून समजले. प्रत्येकाने आपापला कोपरा धरिला होता, आम्हीही धरिला होता. खाटेकडे मात्र कोणीच पाहिले नाही.

आता कोणी विचारील की, हा मेळ घालणे सरकारचे काम नव्हे काय? निःसंशय आहे, आणि ते सरकारने ओळखिले आहे. बालन्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली व ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. तिच्यामुळे मुलांच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या निरनिराळ्या यंत्रणांवर देखरेख ठेवण्याची व त्यांच्यात समन्वय राखण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे आली. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत सुरू केलेली १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा २०२३ पासून ११२ या संकटकालीन सेवेशी जोडण्यात आली. कातकऱ्यांसारख्या अतिदुर्बळ आदिवासी जमातींकरिता १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन अभियान निघाले. त्यात ९ मंत्रालयांच्या ११ बाबी एकत्र गुंफिल्या आहेत. म्हणजे वरच्या मजल्यावर मेळ घालण्याचे यत्न चालू आहेत. पण जिल्हाधिकारी झाले तरी भट्टीवरच्या प्रत्येक मुलाचे नाव त्यांस कसे ठाऊक असावे? वरून खाली येणारी वाट आणि खालून वर जाणारी वाट जेथे मिळतात, तेथे कोणीतरी माणूस उभा असावा लागतो.

आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात असे प्रतिपादिले की, लहान समाजास जे करिता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. मोठ्या सत्तेने त्यास साहाय्य करावे व दिशा द्यावी. या तत्त्वाचा आधार घेऊन आपण सरकारास मर्यादा सांगतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की, लहान समाजाने आपल्या वाट्याचे काम केलेच पाहिजे.

ते कसे करावे याचा धडा संत जॉन बॉस्को यांनी घालून दिला आहे. १८४१ साली त्यांनी इटलीतील तुरीन शहरात, खेड्यांतून कामास आलेल्या पोरक्या मुलांमध्ये आपले कार्य आरंभिले. मुलास धंदा शिकण्यास मालकाकडे ठेवावयाचे तर ते लेखी करार करीत. १८५२ सालच्या एका करारावर सुतारकामाचा मालक, उमेदवार मुलगा, त्याचा बाप आणि स्वतः डॉन बॉस्को अशा चौघांच्या सह्या आहेत. धंदा शिकविणे, सुट्टी देणे, मारहाण न करणे, सर्व एकाच कागदावर. आणि कागद झाला म्हणून ते थांबत नसत. कारखान्यात जाऊन मुलाची विचारपूस करीत. खाटेचे चार कोपरे एका कागदावर आणणे व मग खाटेबरोबर चालत जाणे, हीच ती रीत.

आम्हीही आमच्या चुकीनंतर थोडे शिकलो. २०२३ च्या हंगामात अशीच एक मुलगी भट्टीवर आली. आमच्या महिला मंडळातील एका भगिनीने तिचे पालकत्व मनाने पत्करिले. पावसापूर्वी कुटुंब निघाले तेव्हा त्याही एस.टी.ने त्यांच्या पाड्यावर गेल्या; तेथल्या मुख्याध्यापकांस, अंगणवाडीताईंस व ग्रामसेवकांस भेटल्या; मृत्यूचा दाखला काढून घेतला; आश्रमशाळेत प्रवेश होईपर्यंत दोन खेपा केल्या. नवी संस्था काढिली नाही, वर्गणी जमविली नाही. सरकारचेच सर्व होते. त्यांनी फक्त एकाचा हात दुसऱ्याच्या हाती दिला. ती मुलगी आज शिकत आहे.

यावरून आम्ही आपणापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली : धर्मग्रामात एक नोंदवही असावी. तीत खात्यांची पाने नसावीत, मुलांची असावीत. एका मुलास एक पान. त्यावर त्याचे वय, मूळ गाव, काढलेले व राहिलेले कागद, आणि पुढचा टप्पा कोणत्या तारखेस येतो, हे लिहावे. ही वही कुलपात राहावी; मुलाचे दुःख चव्हाट्यावर मांडण्याकरिता नसते. दुसरी : प्रत्येक पानास एक माणूस असावा. समिती पत्र फाइलीत ठेवते. माणसास झोप येत नाही. तिसरी : मूल आपल्या हद्दीतून जाते तेव्हा आपले काम संपले असे समजू नये. हंगाम संपण्याच्या महिनाभर आधी, जेथे ते जाणार तेथल्या शिक्षकांस व बालसंरक्षण अधिकाऱ्यांस पत्र जावे आणि उत्तर आले की नाही हे पाहावे. आपल्या संस्थांतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांचाही यात समावेश असावा. कायद्याने त्यांस एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाचे साहाय्य मिळू शकते. पण तेथवर त्यांस नेणारे कोणी नसले, तर ते दार त्यांच्यापुरते बंदच राहते.

हे करिताना मुलाचा धर्म वा जात विचारू नये, हे निराळे सांगणे नको. दयाळू शोमरोनीने घायाळास तो विचारला नाही. त्याने जखमा बांधिल्या, धर्मशाळेच्या मालकाच्या स्वाधीन करून खर्चास दोन नाणी दिली, आणि परत येताना उरलेले देईन असे सांगितले. त्या परत येण्याच्या वचनात अर्धी दया आहे, असे आम्हांस आता वाटते.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांत आपण मंदिर बांधिले, शाळा उभारिली, घंटा आणविली. पुढील पन्नास वर्षांत काय बांधावे याचा विचार चालू आहे. त्यात एका साध्या वहीस जागा असावी, एवढीच आमची प्रार्थना आहे. तो टेम्पोवरचा मुलगा अजून याच परिसरात आहे, असे ऐकतो. त्याचे पहिले पान आम्ही आमच्या हाताने लिहून ठेविले आहे, आणि त्याचा शोध चालू आहे. तो सापडला आणि त्याने ऐकिले, तर बाहेरून परीक्षेस बसण्याची वाट अद्यापि खुली आहे.

पवित्र मरिया मातेने आपला बाळ घेऊन परदेशात आश्रय शोधिला होता. तिच्या मध्यस्थीने, आपल्या दारी आलेले कोणतेही मूल आपल्या हातून निसटू नये, अशी कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.