सातबाऱ्यावर नाव नाही, तर अनुदान कुणाचे?

(संग्रामपूर येथे बचत गटांच्या महिलांपुढे केलेले भाषण)



मघाशी मागच्या रांगेतल्या एका ताईने विचारले, “मॅडम, वावर तर मीच करतो, मंग शेतकऱ्याचे पैसे माह्या खात्यात काऊन येत नाई?” मी आज शेतीच्या सरकारी योजनांची माहिती द्यायला उभी राहिले आहे. पण या एका प्रश्नाचे उत्तर नीट देता आले तरी पुरे.

सरकार वावर कोण करते ते पाहत नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचे ते पाहते. पऱ्हाटीची टोबणी, निंदण, वेचणी ही सारी कामे बायांची. तरी 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बाया सुमारे 14 टक्केच निघाल्या. केंद्राची ‘पीएम किसान’ 2019 मध्ये सुरू झाली: वर्षाला 6000 रुपये, तीन हप्त्यांत. राज्याने 2023 मध्ये ‘नमो शेतकरी महासन्मान’ काढून त्यात तेवढीच भर घातली. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब, आणि पैसे जमीन ज्याच्या नावे त्याच्या खात्यात. शेततळे, ठिबक, तुषार, पीककर्ज, कर्जमाफी, सगळीकडे पहिला कागद सातबाराच. कर्जापायी बाईने जीव दिला तर कागदोपत्री बहुतेकदा ‘गृहिणी’ मेलेली असते, शेतकरी नव्हे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या मदतीचा अर्ज तिथेच अडतो.

आपल्या तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. वर सोनाळा-टुनकीकडे सातपुड्याचा पायथा आहे, खाली पूर्णेकडे उतरले की खारपाण पट्टा लागतो. तिथल्या विहिरीचे पाणी पिकाला दिले तर जमीनच बिघडते. म्हणून पावसाचे पाणी धरून ठेवणे हाच मार्ग: बांधबंदिस्ती, शेततळे, आणि त्या साठ्यातून हरभऱ्याला एखाददुसरे पाणी. जागतिक बँकेच्या कर्जावर 2018 मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला ‘पोकरा’ म्हणतो तो, सुरू झाला. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातली खारपाण पट्ट्याची 900 हून अधिक गावे घेतली होती. योजना मला चुकीची वाटत नाही. या मातीला हेच हवे होते. पण आधी खिशातून खर्च करायचा आणि काम तपासून झाले की अनुदान खात्यात जमा, अशी त्याची रीत. म्हणजे आधी जमीन नावावर हवी, मग हाती रोकड हवी. आपल्या बायांकडे यातले काय असते?

खारपाणातल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. नवरा 2019 मध्ये वारला. जमीन सासऱ्याच्या नावे, तीन एकर, आणि कसणारी ही. किसानचे हप्ते सासऱ्याच्या खात्यात येत. म्हातारा 2022 मध्ये गेला आणि दिराने वारस म्हणून स्वतःचेच नाव दिले. हिला कुणी विचारले नाही. दिराचे म्हणणे असे, की वहिनीला दोन वेळचे जेवण मिळते, तिला कागद कशाला? वाईट माणूस नव्हता तो. घरोघर हेच समजतात, आणि मला वाटते, आपल्यापैकी काही जणीही मनातून हेच समजतात.

फेरफाराची नोटीस लागली होती. तिच्या गटातल्या एका मुलीने ती वाचली म्हणून कळले. हरकतीला 15 दिवस असतात. आम्ही अर्ज लिहिला. वडिलांच्या आधी मुलगा वारला असेल तर त्याची विधवा आणि मुले ही 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. हे एवढेच वाक्य त्या अर्जात महत्त्वाचे होते. तरी सात चकरा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा यंत्र बंद, एकदा “बाई, घरात मिटवा ना”. शेवटी दीड एकर तिच्या आणि मुलांच्या नावे लागले.

पुढे तिने पोकरातून तुषार संच घेतला. दुकानदाराला आधी पूर्ण पैसे हवे, ते गटाने दिले. अनुदान जमा होईपर्यंत व्याज चढत राहिले. किसानच्या केवायसीला निंदून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेईना. तेही निस्तरले.

आता हिशेब पाहा. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली, महिन्याला 1500. पण ज्या बाईला शेतकरी म्हणून दोन्ही योजनांचे मिळून महिन्याला हजार पडतात, तिला लाडक्या बहिणीचे 500 च मिळतात. शेजारच्या घरात नवऱ्याच्या नावावर हजार आणि बायकोला 1500, एकूण 2500. हिच्या घरात 1500. एकटीने शेती सांभाळली, नाव लावून घेतले, त्याबद्दल महिन्याला हजार रुपये कमी! हा हिशेब मी एका अधिकाऱ्यांपुढे मांडला. ते म्हणाले, “नियम तसा आहे.”

नावाची लढाई नवी नाही. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त नवऱ्यांकडून बायकांच्या नावे जमिनी करवून घेतल्या. 1992 मध्ये सरकारनेही त्या नावाची योजना काढली: नवऱ्याने अर्ज करावा, बायकोचे नाव सहधारक म्हणून लागावे. अडचण पहिल्याच शब्दात आहे. अर्ज नवऱ्याने करायचा! 2025 मध्ये आपल्या बुलडाणा जिल्ह्यातूनच ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली आणि मग राज्यभर गेली. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण मी पाहिलेल्या काही उताऱ्यांवर मुलगे खातेदार झाले आणि आई ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. बहिणींच्या हक्कसोड पत्रांवर तर किती सह्या न वाचता झाल्या!

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ आणायचा. नवरा विचारील कशाला, तर सांगा, गटात मागितला आहे. ज्यांच्या घरी कुणी वारले आहे त्यांनी मृत्यूचा दाखलाही आणा. आपण एकेकीचा उतारा मोठ्याने वाचू. कुणाचे नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहू आणि त्याच दिवशी अर्ज लिहायला बसू. कोरे कागद मी आणते.