दरीतल्या माणसासाठी



२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. एकच जण वाचला. भर पावसाळ्यात दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वर, पोलादपूर, महाड परिसरातील गिर्यारोहक तरुण. त्यांना ना पगार, ना कोणाचा हुकूम!

आपण सारे तसे उतरू शकणार नाही. दोराविना उतरूही नये. आपल्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या जखमीवरच जातो. पण वर रस्त्यावरही काम असते. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस बोलवावेत. गाडी जिथून खाली गेली ती जागा राखावी, येणारी वाहने सावध करावीत. जखमीला ओढून काढण्याची घाई कोणालाही करू देऊ नये. कण्याला इजा असेल तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते.

"पोलिसांचे लचांड नको" म्हणून आपण पुढे निघून जातो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. आता थांबायचे की नाही, एवढेच आपण ठरवायचे आहे.