परत जाणारा माणूस



मघाशी तुमचं छायाचित्र-प्रदर्शन पाहिलं. भाजी निवडणाऱ्या एका आजींच्या सुरकुतलेल्या हातांपाशी मी बराच वेळ थांबलो. फोटो काढणाऱ्या मुलीला विचारलं, "कोण गं या आजी?" ती म्हणाली, "माहीत नाही सर, बाजारात दिसल्या." तेव्हा मला एक मैत्री आठवली.

फेब्रुवारी १९५६. फ्रान्समधलं कान शहर. डेव्हिड डग्लस डंकन हे कोरियाच्या युद्धात सैनिकांबरोबर राहून फोटो काढणारे छायाचित्रकार; वय ४०. ते चित्रकार पाब्लो पिकासोंच्या घरी गेले. पिकासो ७४ वर्षांचे. पिकासोंची जोडीदार जॅकलिन हिनं पाहुण्याला थेट न्हाणीघरात नेलं. पिकासो चक्क टबात बसलेले! "फोटो काढू का?" डंकननी विचारलं. पिकासो हो म्हणाले.

तेवढ्या फोटोवर कुणीही खूश होऊन परतला असता. डंकन मात्र पुढेही जात राहिले. १९५७ मध्ये एकदा पिकासो जेवायला बसले होते. पानात मासा होता. काट्याला चिकटलेला शेवटचा कणही त्यांनी चोखून काढला आणि तो अख्खा काटा ओल्या मातीवर दाबला. मातीत माशाचा ठसा उमटला. डंकन तिथंच होते, म्हणून ते सगळं आज आपल्याला दिसतं. असे फोटो वेळ ठरवून मिळत नाहीत. आपण घरातलेच होऊन जातो, तेव्हा मिळतात.

त्याच वर्षी डंकन आपला डॅशहुंड कुत्रा, लुम्प, घेऊन आले. त्याला ते घर इतकं आवडलं, की तो तिथंच राहिला. पिकासोंनी जुन्या काळचे चित्रकार वेलाझ्केझ यांच्या 'लास मेनिनास' या चित्रावरून मालिका रंगवली, तेव्हा मूळ चित्रातल्या थोराड कुत्र्याच्या जागी हा बुटका लुम्प आला. पाहुण्याचा कुत्रा यजमानाच्या चित्रात जाऊन बसला. मैत्रीत देणंघेणं असं नकळत होतं. १९७३ मध्ये पिकासो गेले, तोवर ही मैत्री टिकली.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं खूप असतं, पण पहिल्या भेटीत ते सगळं हाती लागत नाही. त्यासाठी पुन्हा जावं लागतं.

म्हणून त्या मुलीला माझी एकच विनंती आहे. बाळ, त्या फोटोची एक प्रत काढ आणि येत्या बाजारच्या दिवशी आजींना नेऊन दे. त्यांचं नाव विचार. शेजारी बसून चार शेंगा निवड.

आणि मग पुन्हा जा.