एका भिजलेल्या सहलीची गोष्ट
(रौप्यमहोत्सवी ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटे दिली आहेत. छत्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा वेळेत हिशेब मिटवायची सवय आहे. काळजी नसावी.

दर वर्षी फेब्रुवारीअखेर जुन्नरहून काळ्या द्राक्षांचा टेम्पो आपल्या गेटवर येतो. तो आपल्याकडेच का येतो, हे नव्या सभासदांना ठाऊक नाही. ती गोष्ट आज सांगतो. तीत माझी एक चूक आहे, तीही सांगून टाकतो.

करोनामुळे आपण सगळे घरात कोंडलो होतो. लसीचे दोन्ही डोस झाल्यावर मी सहल ठरवली. ३० नोव्हेंबर २०२१ ला जुन्नरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेताशेतांच्या कडेने लेण्याद्रीपर्यंत पायी जायचे. पाच-सहा किलोमीटरची वाट. मागे शिवनेरी, पुढे लेण्याद्रीचा डोंगर, मध्ये कुकडी नदी, आणि डिसेंबरची गुलाबी थंडी. आम्ही तेरा जण होतो, त्यातले सगळ्यात ‘तरुण’ बासष्ट वर्षांचे.

हवामान खात्याने पावसाचा इशारा दिला होता. आदल्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊ, उद्याचं चालणं राहू द्या.” मी म्हणालो, “अहो वहिनी, डिसेंबरात कसला पाऊस? पडले तर चार थेंब पडतील.” गाडी बुक झालेली, पैसे भरलेले. माझा हट्ट नडला.

सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरलेले होते. अर्धी वाट गेलो आणि पाऊस लागला. वळवासारखा येऊन जाणारा नव्हे, तर आषाढासारखा संततधार, वर बोचरा वारा. छत्र्या तिघांकडेच. स्वेटर भिजून जड झाले. आपल्या माजी खजिनदारांना दम्याचा त्रास. त्यांना धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले. तेव्हा माझी खरी घाबरगुंडी उडाली. रस्त्याला चिटपाखरू नव्हते.

तेवढ्यात एका द्राक्षबागेतून एक तरुण शेतकरी ओरडला, “बाबा, भिजू नका, शेडात या सगळे!” त्याच्या आईने चूल पेटवली, घोंगड्या दिल्या, आल्याचा चहा केला. पंप घेऊन, गरम चहा पिऊन खजिनदार तासाभरात बोलू लागले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग माझे लक्ष बागेकडे गेले. बाग ऐन फुलोऱ्यात होती. फुलोऱ्यात घडात पाणी साचले की घड कुजतात, मणी गळतात, वर डाऊनीचा धोका. तो पोरगा पाऊस थोडा कमी झाला की ट्रॅक्टरवर बसून ब्लोअरने घडांतले पाणी उडवत होता. पुन्हा सर आली की परत येत होता. त्याचे वर्ष डोळ्यांदेखत वाहून चालले होते आणि त्याची आई आम्हाला विचारत होती, “साखर पुरंल का?”

मंडळी, मी बँकेत काही वर्षे शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. अवकाळीनंतर असाच एक बागायतदार माझ्यासमोर येऊन बसला होता. कर्जाचे पुनर्गठन हवे म्हणत होता. मी मान वर न करता म्हणालो होतो, “आधी पंचनामा आणा.” नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण त्याला पाणी विचारायचे मला सुचले नव्हते. त्या शेडात चहाचा कप हातात धरून मला तो माणूस आठवला. आजही आठवतो.

रात्रभर पाऊस पडला. २ डिसेंबरला परतताना रस्त्याकडेच्या एका शेतात धनगराचे वाडगे होते. थंडीपावसाने मेंढ्या मरून पडल्या होत्या. एक बाई एका कोकराला पोत्याने चोळत होती. पुणे-नगर जिल्ह्यांत तेव्हा शेकडो मेंढ्या दगावल्या, हे नंतर पेपरात वाचले. गाडीत कोणी अवाक्षर बोलले नाही. ‘आपली सहल बुडाली’ असे म्हणायची आमची कोणाची हिंमत झाली नाही.

चहाचे पैसे त्या माउलीने घेतले नव्हते. म्हणून घरी आल्यावर वहिनींनी सुचवले, “त्यांची जी काही द्राक्षं हाती लागतील, ती आपण घेऊ.” पहिल्या वर्षी फक्त चाळीस पेट्या आल्या. घड विरळ होते, पण एकही पेटी उरली नाही. तेव्हापासून टेम्पो येतो आहे.

आता मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. एक, सहलप्रमुखाला कोणी “उद्या राहू द्या” म्हटले, तर त्याने ऐकावे. वहिनी, ही माफी मी चार भिंतींत मागितली होती, आज सर्वांसमोर मागतो. आणि दुसरी, फेब्रुवारीत गेटवर कोणी म्हणाले की बाहेर किलोमागे दहा रुपये स्वस्त मिळतात, तर त्यांना ही गोष्ट सांगा. मग घासाघीस करायची की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

दहा मिनिटे झाली. सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.