लाभ कोणाचा?



बेनिफिट, प्रॉफिट, अ‍ॅडव्हान्टेज, यूज, यूटिलिटी. शाळेत या शब्दांपुढे आपण ‘फायदा’ किंवा ‘उपयोग’ लिहिले आणि पुढे गेलो. आता विमा, कर्ज, नोकरी, सरकारी योजना यांच्या कागदांवर हेच शब्द भेटतात आणि खाली सही आपली असते. म्हणून त्यांच्यातला फरक नीट समजून घेतला पाहिजे.

प्रॉफिट म्हणजे खर्च वजा जाता उरलेला नफा. बेनिफिटला तशी वजाबाकी लागत नाही. कमावता माणूस गेल्यावर वारसाला मिळणाऱ्या विम्याच्या रकमेला इंग्रजीत डेथ बेनिफिट म्हणतात. तिथे प्रॉफिट म्हणणे चूकही ठरेल आणि क्रूरही. अ‍ॅडव्हान्टेजला समोर दुसरा कोणी लागतो. टेनिसमध्ये ड्यूसनंतर एक गुण जिंकणाऱ्याच्या नावाने पंच हाच शब्द पुकारतात, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या पुढे गेलेला असतो. संधीचा अ‍ॅडव्हान्टेज घेतला तर ती हुशारी. माणसाचा घेतला की तो गैरफायदा. यूजचेही तसेच. वस्तू वापरणे योग्यच, पण माणसाला ‘यूज केले’ म्हटले की तो आरोप होतो.

यूटिलिटीने तर विचारांचा इतिहास घडवला. पाण्यावाचून जगता येत नाही आणि हिऱ्यावाचून सहज जगता येते, तरी हिरा महाग का, हा प्रश्न अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली मांडला. उपयोग आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने त्यातून दाखवले. १७८९ मध्ये जेरेमी बेंथॅमने कायद्याचीच पारख यूटिलिटीवर करायला सांगितले: लोकांचे सुख वाढते की दुःख? जन्माने मिळालेल्या अधिकारापेक्षा सामान्यांचे सुखदुःख मोठे मानणारा हा विचार होता आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण बेरीज करताना माणसे हरवतात. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने एक कसोटी घातली: लाभ कोणाच्याही पदरात पडो, तो अंदाजित खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. ‘कोणाच्याही’ या शब्दापाशी मी थांबतो. १९३९ मध्ये निकोलस काल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने त्यापुढचा युक्तिवाद केला. ज्यांचे भले झाले ते नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर एकूण लाभ झाला असे मानावे. भरपाई प्रत्यक्ष द्यायची की नाही, हा वेगळा प्रश्न. कागदावर गणित सुटले. ज्याचे घर गेले त्याच्या हातात मात्र काही पडेलच असे नाही.

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. धरणाच्या खाली लाभक्षेत्र आणि मागे बुडीत क्षेत्र; एकीकडे लाभधारक, दुसरीकडे धरणग्रस्त. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, त्यात या दोन बाजू एकमेकींशी बांधल्या. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून ठरावीक जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यायची, असे ते तत्त्व. काल्डॉरने मोकळी सोडलेली भरपाई इथे कायद्याने बंधनकारक झाली. मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. अंमलबजावणी तितकी मोलाची झाली नाही; कित्येक धरणग्रस्तांना हक्कासाठी अनेक दशके लढावे लागले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. बेनिफिट हा शब्द एकटा वाचू नका. योजना असो, प्रकल्प असो की करारनामा, तीन प्रश्न विचारा: मिळणार कोणाला, सोसणार कोण, आणि सोसणाऱ्याला परत काय व केव्हा मिळणार? तिसऱ्याचे उत्तर तारखेसह लिहून मिळेपर्यंत त्या कागदाला लाभाचा कागद म्हणू नका.