शिकणं सोडायचं की पुरं करायचं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘उच्च शिक्षण आणि करिअर’ असा विषय दिला आहे. प्रवेश कसा मिळवायचा, स्कॉलरशिप कुठे मिळते, हे सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक उद्याच्या सत्रात आहेत. मी त्यापुढच्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. प्रवेश मिळाला, पेढे वाटून झाले, आणि चार महिन्यांत कळलं की हे आपलं काम नाही. मग काय करायचं?

हे मी बोलतोय, कारण मी एम.टेक. अर्धवट सोडलेला माणूस आहे. माझ्या नावापुढे बी.ई. आहे, त्यापुढे काही नाही.

माझे अब्बा टेलर. तालुक्याच्या गावात त्यांचं दुकान, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलं, तीन वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी केली. मग वाटलं, आणखी शिकावं. २०१६ला गेट दिली. स्कोअर बरा आला आणि समुपदेशनाच्या फेरीत एका नावाजलेल्या संस्थेत पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळाली. तिथे दोन वर्षं नेमकं काय करतात, हे मी कुणालाही विचारलं नाही. संस्थेचं नाव मोठं, दरमहा १२,४०० रुपये स्टायपेंड, आणखी काय पाहिजे? जुम्म्याच्या नमाजनंतर लोक अब्बांशी हात मिळवून म्हणायचे, “मास्टर, मुलानं नाव काढलं.”

मी तिथे सात महिने राहिलो. कोणी त्रास दिला नाही. गाईड सज्जन होते. आठवड्याचे आठ तास पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायचं, बाकी वेळ स्वतःचे विषय आणि लॅब. माझं काम इन्व्हर्टरच्या सर्किटवर होतं आणि माझं मन त्यात कधी लागलंच नाही. लॅबमधली रीडिंग आपोआप नोंदवणारा प्रोग्राम मात्र मी दोन रात्री जागून लिहिला. गाईड बघून म्हणाले, “छान आहे, पण हे तुमचं काम नाही.” त्यांचं बरोबर होतं. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला.

बकरी ईदला घरी गेलो. अब्बांनी विचारलं, “काय शिकवतात तिथे?” मी दहा मिनिटं रंगवून सांगितलं. ते कान देऊन ऐकत होते आणि मला घास उतरत नव्हता. त्यानंतर मी रोज फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणत राहिलो. आज मागे वळून बघतो तेव्हा कोर्स सोडल्याचं वाईट वाटत नाही. ते पाच महिने खोटं बोलत काढले, त्याचं वाटतं. कारण त्या पाच महिन्यांत मी शिकलो नाही आणि काही ठरवलंही नाही.

त्याच सुमारास माझी खालाजाद बहीण दुसऱ्या शहरात केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. तिलाही सोडायचं होतं. एकदा फोनवर आम्ही दोघांनी ठरवलं की दोन आठवडे रोज रात्री वहीत एक ओळ लिहायची: आज कुणी न सांगता, स्वतःहून मी काय केलं? चौदा दिवसांनी वह्या वाचल्या. माझ्या वहीत जवळजवळ सगळीकडे कोडिंग होतं. तिच्या वहीत मात्र तिच्याच विषयाचे पेपर होते, प्रयोगाच्या नव्या कल्पना होत्या. तिचा विषय तिला हवा होता, गाईड नको होते. महिनोन्‌महिने ते भेटायचे नाहीत, वर स्वतःची कारकुनी कामं तिच्याकडून करून घ्यायचे.

म्हणजे आम्ही दोघं एकच वाक्य म्हणत होतो, “सोडावंसं वाटतंय,” पण आमचे आजार वेगळे होते. तुमच्यापैकी कुणी आज अशा ठिकाणी असेल तर आधी हे वेगळं करा. विषय नको आहे? की गाईड, विभाग, वातावरण नको आहे? की अडचण पैशाची, तब्येतीची, इंग्रजीची, एकटेपणाची आहे? विषयच नको असेल तर गाईड बदलून उपयोग नाही. गाईडची अडचण असेल तर विषय सोडू नका, संशोधन समितीकडे लेखी अर्ज करा. पैशाची असेल तर तेवढीच सोडवा. मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२-२३पासून बंद झाली, हा आपल्या मुलांना बसलेला खरा फटका आहे. पण पैसे संपले म्हणून “मला संशोधन जमत नाही” असं स्वतःला सांगू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पहिलं सेमिस्टर जवळपास सगळ्यांनाच जड जातं. परीक्षेच्या आठवड्यात किंवा बोलणी खाल्ली त्या रात्री काहीही ठरवू नका.

आता जरा अवघड बोलतो. मी घरी सांगितलं तेव्हा घर हादरलं. मामू म्हणाले, “लोकांना काय सांगायचं?” बहिणीनं सांगितलं तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. “बरं झालं, स्थळं येतच आहेत.” मुलगा सोडतो म्हटलं की त्याला धरून ठेवतात, मुलगी सोडते म्हटलं की दार उघडून देतात. म्हणून मुलांनो, स्वतःला विचारा: मी इथे लोकांसाठी तर थांबलो नाही ना? आणि मुलींनो, तुम्ही विचारा: मी लोकांसाठी तर निघत नाही ना? बहीण थांबली. तिनं गाईड बदलला, त्यात तिचं एक वर्ष गेलं, पण पीएचडी पूर्ण केली. आता ती कॉलेजात शिकवते. लग्नही झालं, डिग्रीनंतर.

पीएचडीच्या मुलींनी यूजीसीचे २०२२चे नियम वाचावेत. पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. “आता वेळ निघून गेली” असं कुणी म्हणालं तर हे आकडे पुढे ठेवा.

ज्यांचं सोडायचं ठरलंय त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

एक, तारीख महत्त्वाची आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जवळपास पूर्ण फी परत मिळते. पुढे ती ९०, ८०, ५० टक्क्यांवर येते आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काही मिळत नाही. कधी यूजीसी त्या वर्षापुरत्या वेगळ्या तारखा जाहीर करते, त्या बघा. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार संस्थेला नाही, हेही त्याच नियमांत आहे.

दोन, रिकाम्या हातानं निघू नका. यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांच्या कोर्समधून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका देण्याची तरतूद आहे. आपल्याकडे ती लागू आहे का, ते ऑफिसात विचारा. गूगलवाल्या दोघांनी पीएचडी सोडली, हे सगळे सांगतात. दोघांकडे स्टॅनफर्डची मास्टर्स डिग्री होती, हे कुणी सांगत नाही.

तीन, गुपचूप गायब होऊ नका. लेखी अर्ज, नो ड्यूज, ग्रेडकार्ड, मायग्रेशन, सगळं हातात घ्या. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कळवा, बाँड असेल तर आधी वाचा. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर असाल तर पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. त्यांच्या परवानगीनं सोडलं तर देशातून निघायला १५ दिवस मिळतात. न सांगता सोडलं तर तेही मिळत नाहीत.

चार, पुढे काय करणार ते आधी लिहून काढा. “हे नको” हा अर्धाच निर्णय असतो.

मी सोडलं ते फुकट नाही सोडलं, हेही सांगितलं पाहिजे. फी बुडाली. नोकरी मिळायला चार महिने लागले आणि ती आधीच्या पगारापेक्षा कमी पगाराची होती. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं दार बंद झालं, तिथे मास्टर्स लागतं. आणि मी अडवलेली ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळाली असती. त्याची माफी मी कुणाकडे मागणार? लवकर ठरवा म्हणतो ते यासाठीही.

शेवटी अब्बांबद्दल. फेब्रुवारीत मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ते कापडावर खडूनं माप आखत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खडूची रेघ चुकली तर झटकून टाकता येते. कात्री लावल्यावर नाही. तू आठ दिवसांत सांगितलं असतंस तर आपण झटकलं असतं. आता उसवावं लागेल, वेळ लागेल. पण उसवलेलं कापड काय फेकून देतात?” आणि पुढच्या जुम्म्याला मशिदीबाहेर कुणी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, “सोडलं त्यानं. जमलं नाही. दुसरं बघतोय.” मला वाटलं होतं, ते वाक्य त्यांना उच्चारता येणार नाही. मीच त्यांना कमी समजलो होतो.

तुमच्यापैकी कुणी सध्या घरी “सगळं ठीक आहे” म्हणत असेल, तर कोर्सचं काय करायचं ते नंतर ठरवा. आज रात्री एका माणसाला खरं सांगा. घरी सांगता येत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर झाडाखाली बसलेलो असेन, माझ्याशी बोला.