फोटो साफ आला, तरी दुखणं खोटं नसतं



आमच्या गटातल्या एका काकूंना तीन वर्षांपूर्वी बैठकीत सहीसाठी पेन धरता येईना. मधल्या बोटाचा टोकाचा सांधा रात्रीतून लाल झाला होता, सुजला होता. पदर लागला तरी ठणकायचा. हाताचा फोटो, म्हणजे एक्स-रे काढला, तो साफ आला. घरचे म्हणाले, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" काकू दुकानातून गोळ्या आणून खात राहिल्या. आम्हीही गप्प बसलो. ती आमची चूक.

यंदा बोटावर पांढरट गाठ आली. नव्या फोटोत हाडाच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा खळगा दिसला आणि त्याची कड ओठासारखी बाहेर आलेली. डॉक्टरांनी सांगितलं, हा गाऊट आहे. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे बारीक खडे सांध्यात साठतात.

मग पहिला फोटो साफ कसा? कारण एक्स-रेत हाड दिसतं, हे बारीक खडे दिसत नाहीत. हाड कुरतडायला काही वर्षं जातात. सोनोग्राफीत मात्र कूर्चेवरचा खड्यांचा थर आधीही दिसू शकतो. सांध्यातलं पाणी सुईनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर खात्री होते. ठणक चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड कधी कधी नेहमीएवढंच येतं. म्हणून दुखणं ओसरल्यावर पुन्हा तपासायचं.

आमवातही बोटांना होतो, पण त्यात बहुधा दोन्ही हात सारखे दुखतात आणि फोटोत दोन हाडांमधली फट लवकर अरुंद होते. गाऊटमध्ये ती बराच काळ टिकते.

पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये गाऊटचं प्रमाण वाढतं. बीपीसाठी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. बीपीची गोळी मनानं बंद करू नका. दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नका, किडनीला धोका असतो. सांधा लाल आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत पू असू शकतो.

काकूंचं युरिक ॲसिड कमी करायचं औषध आता सुरू आहे. झिजलेलं हाड पहिल्यासारखं होईलच असं नाही, पण पुढची झीज थांबवता येते.

आम्ही आता जुने फोटो तारीख घालून पासबुकाच्या पिशवीतच ठेवतो. तुम्हीही ठेवा. जुना आणि नवा फोटो शेजारी धरला, की डॉक्टरांना बदल कळतो. आणि पुढच्या बैठकीत सही करताना कुणाचं बोट अडखळलं, तर विचारा, "ताई, कधीपासून दुखतंय?"